बिनपगारी कारभारी

वाणिज्य आणि व्यवस्थापनाच्या अभ्यासक्रमात ‘व्यवसाय नीती’ नावाचा एक पाठ कुठे ना कुठे असतोच. परीक्षेच्या आदल्या रात्री मुले तो चाळतात, सामाजिक जबाबदारी, हितसंबंधी, पारदर्शकता अशा चार-पाच व्याख्या पाठ करतात आणि सकाळी लिहून मोकळी होतात. पण त्यातली प्रत्येक व्याख्या कुणीतरी कुणाशी तरी वाद घालून ठरवलेली असते. एकाने निबंध लिहिला, दुसऱ्याने तो का पटत नाही ते सविस्तर कळवले, पहिल्याने दुरुस्त केला, मग तो छापला गेला आणि बऱ्याच वर्षांनी त्यातल्या दोन ओळी पाठ्यपुस्तकात उतरल्या. हा वाद नीट चालावा म्हणून ज्या अभ्यास परिषदा असतात, त्यांचा कारभार बहुतेक ठिकाणी पगार न घेणारी माणसे पाहतात. तो कसा चालतो हे पुस्तकात कुठे नसते. मला मात्र ते त्या व्याख्यांइतकेच शिकवण्याजोगे वाटते. नीतीचा अभ्यास करणारी मंडळी स्वतःची पावतीपुस्तके, स्वतःच्या निवडणुका आणि स्वतःची भांडणे कशी हाताळतात, यावरून त्या अभ्यासाचा कस कळतो.

या विषयाची एक जुनी आणि नावाजलेली परिषद अमेरिकेतली, सोसायटी फॉर बिझनेस एथिक्स. ती स्थापन झाली १९८० मध्ये. त्याआधीच्या दशकात तिकडे एकामागून एक प्रकरणे बाहेर आली होती. वॉटरगेटच्या चौकशीत मोठ्या कंपन्यांनी गुपचूप दिलेल्या राजकीय देणग्यांचा माग लागला. लॉकहीड या विमान कंपनीने परदेशातल्या सत्ताधाऱ्यांना दिलेल्या लाचेचे धागे जपानपर्यंत गेले आणि १९७६ मध्ये तिथले माजी पंतप्रधान काकुएई तनाका यांना अटक झाली. १९७७ मध्ये अमेरिकेने परदेशात लाच देण्याविरुद्ध कायदा केला. कायदा आला, तरी प्रश्न उरलेच होते. कंपनी म्हणजे माणूस नव्हे, मग तिला कर्तव्य असते का? वरिष्ठाने सांगितले म्हणून केलेल्या गैरकृत्याची जबाबदारी कुणाची? हे प्रश्न वकिलांपेक्षा तत्त्वज्ञान शिकवणाऱ्यांना जास्त छळत होते. रिचर्ड डी जॉर्ज, नॉर्मन बोवी, टॉमस डोनाल्डसन, पॅट्रिशिया वरहेन ही त्या पिढीतली नावे. यांपैकी कुणाचीही नोकरी ‘परिषद चालवणे’ ही नव्हती. ते आपापल्या विद्यापीठात शिकवत आणि उरलेल्या वेळात हे काम करत. १९९१ मध्ये परिषदेचे त्रैमासिक निघाले, वरहेन त्याच्या पहिल्या संपादक. युरोपातल्या अभ्यासकांनी १९८७ मध्ये ब्रुसेल्समध्ये आपले जाळे उभे केले. जागतिक पातळीवर दर चार वर्षांनी भरणारी एक परिषदही आहे. तिचे पहिले अधिवेशन १९९६ मध्ये जपानमध्ये झाले, पुढची साओ पाउलो, मेलबर्न, केपटाउन अशी खंडे बदलत गेली.

अध्यक्ष, कार्यकारी मंडळ, संपादक ही पदे पाटीवर दिसतात. खरे काम पाटीच्या मागे असते. अधिवेशनाच्या कितीतरी महिने आधी कार्यक्रम समिती निबंधांसाठी आवाहन काढते. आलेले निबंध वाचायला माणसे शोधावी लागतात. कोण काय वाचेल, कुणाचे सत्र कुणानंतर, दोन भांडखोर मते एकाच दालनात समोरासमोर आणायची की नाही, हे सगळे समितीच्या गळ्यात. अमेरिकेतली परिषद आपले अधिवेशन ऑगस्टमध्ये, व्यवस्थापनशास्त्राच्या मोठ्या परिषदेला लागून भरवते. पुष्कळ जणांना दोन्हीकडे जायचे असते, एका प्रवासखर्चात दोन कामे होतात. दुसऱ्या एका समितीकडे पारितोषिके, तिसरीकडे नवख्या संशोधकांना हाताशी धरण्याचे काम. चौथी समिती उमेदवार शोधते, आणि माझ्या मते सर्वांत कठीण काम तिचेच. पगार नाही, मोटार नाही, सुट्ट्या खर्ची पडणार, तरी ‘तुम्ही उभे राहा’ असे चांगल्या माणसाला पटवायचे असते.

अध्यक्षपद तिथे वर्षावर्षाने फिरते. अशा परिषदांत सहसा माणूस एकदम खुर्चीत बसत नाही. आधी मंडळावर निवडून यायचे, मग एखाद्या वर्षी अधिवेशनाचा कार्यक्रम अंगावर घ्यायचा, त्यानंतर अध्यक्ष व्हायचे, आणि पद सोडल्यावरही काही काळ माजी अध्यक्ष म्हणून मंडळात राहायचे. यात दोन गोष्टी साधतात. अध्यक्ष होणाऱ्याने निबंधांचे गठ्ठे स्वतः उपसलेले असतात, त्यामुळे खालच्या कामाची त्याला जाण असते. आणि पद सोडणारा शेजारीच बसलेला असल्यामुळे नव्याला विचारायला माणूस असतो. आपल्याकडे वीस-वीस वर्षे एकच अध्यक्ष असलेल्या संस्था कमी नाहीत. त्यातल्या काहींचे काम उत्तम आहे, हेही खरे. पण अशा संस्थेत दुसऱ्या फळीतली माणसे तयार होत नाहीत, आणि अध्यक्ष आजारी पडला की संस्थाही अंथरूण धरते.

आता या कारभाराचा गाभा असलेले एक काम जवळून पाहू. समजा, बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातल्या एका तरुण प्राध्यापिकेने ऊसतोडीच्या उचलीवर, म्हणजे आगाऊ रकमेवर, निबंध लिहिला. दसरा-दिवाळीच्या सुमारास मजुरांच्या टोळ्या साखर कारखान्यांकडे निघतात. त्याआधी मुकादम नवरा-बायकोच्या जोडीला, म्हणजे एका कोयत्याला, उचल देतो. हंगामभर तोडलेल्या उसाच्या टनांवर ती फिटायची असते, न फिटलेली बाकी पुढच्या हंगामावर जाते. एखाद्या दिवशी कामावर जाता आले नाही तर खाडा, म्हणजे गैरहजेरीचा दंड, मांडला जातो. प्राध्यापिकेचा प्रश्न असा, की आधीच अंगावर पैसे असलेल्या माणसाने दिलेली संमती ही खरी संमती धरायची का? व्यवसाय नीतीतला हा फार जुना प्रश्न आहे, आणि आष्टी-पाटोदा-शिरूर पट्ट्याइतका जिवंत तो फार थोड्या ठिकाणी असेल.

निबंध संपादकाकडे गेला की आधी लेखिकेचे नाव आणि महाविद्यालय काढून टाकले जाते. मग तो दोन परीक्षकांकडे जातो. परीक्षकांना लेखिका ठाऊक नसते, लेखिकेला परीक्षक. एक परीक्षक लिहितो, ‘मुकादमाची बाजू ऐकलेली दिसत नाही. मुकादम स्वतः कारखान्याच्या बाजूकडून उचल घेतो, टोळी पळाली तर ते कर्ज त्याच्या डोक्यावर राहते. त्याला नुसता शोषक ठरवून प्रश्न सुटत नाही.’ दुसरा लिहितो, ‘जोडीला एक कोयता धरल्यामुळे बाईची मजुरी वेगळी दिसतच नाही, हे तुम्ही तिसऱ्या पानावर म्हटले आहे. मग संमती नेमकी कुणाची घेतली गेली, नवऱ्याची की दोघांची? निष्कर्षात हे का आले नाही?’ प्राध्यापिकेला आधी राग येतो. मग ती पुन्हा दोन मुकादमांना भेटते, चार बायकांशी नवरा समोर नसताना बोलते आणि निबंधाचा शेवट बदलते. परीक्षकांनी या कामासाठी आपल्या दोन-तीन संध्याकाळी दिल्या. छापल्या गेलेल्या निबंधावर त्यांचे नाव येणार नाही आणि पैसेही मिळणार नाहीत. ज्ञानाचा व्यवहार असल्या निनावी श्रमावर उभा आहे, आणि त्या श्रमाबद्दल मला मनापासून आदर आहे.

हे काम नासते कसे, तेही सांगायला हवे. विषय लहान असला की सगळे एकमेकांना ओळखतात. नाव काढले तरी लिखाणावरून माणूस ओळखू येतो. मग ‘मागच्या वेळी त्यांनी माझा घेतला होता’ असा हिशेब मनात येतो. यावर उपाय एकच आहे आणि तो कंटाळवाणा आहे. संबंध असेल तर आधी लिहून सांगायचे आणि त्या विषयापुरते बाहेर बसायचे. संपादकाच्या विद्यार्थ्याचा निबंध आला तर निर्णय दुसऱ्याने द्यायचा. पारितोषिक समितीतल्या सदस्याचे पुस्तक स्पर्धेत असेल तर त्या वर्षी त्याने समिती सोडायची. नकार दिला तर कारणे लेखी द्यायची. या नियमांना कुणी टाळ्या वाजवत नाही, पण ते नसले तर ती परिषद ओळखीपाळखीचे मंडळ होऊन बसते.

बिनपगारी परिषदेच्या कारभाराचा हा प्रश्न महाराष्ट्राला परका नाही. पुण्याची सार्वजनिक सभा १८७० मध्ये स्थापन झाली. गणेश वासुदेव जोशी, म्हणजे सार्वजनिक काका, तिचे प्रवर्तक. सभासद होणाऱ्याने किमान ५० प्रौढ माणसांचे मुखत्यारपत्र आणले पाहिजे असा नियम होता. आपण कुणाच्या वतीने बोलतो, हे कागदावर दाखवायची ती रीत होती. १८७८ पासून सभेचे त्रैमासिक निघू लागले आणि त्यात न्यायमूर्ती रानडे यांनी शेतसारा, दुष्काळ, शेतकऱ्यांचा कर्जबाजारीपणा यांवर भरभरून लिहिले. १८७५ मध्ये सुप्यापासून सुरू झालेल्या सावकारविरोधी दंग्यांचा धूर तेव्हा विरला नव्हता. ते दंगे पुणे आणि नगर जिल्ह्यांत झाले. आष्टी तेव्हा निजामाच्या राज्यात होती, पण सीमेला लागूनच. सावकाराचे व्याज, कोऱ्या कागदावरचा अंगठा, खोटा दस्तऐवज यांची आकडेवारीसह चर्चा ज्या नियतकालिकात झाली, ते मराठी मुलखातले व्यवसाय नीतीचे पहिलेवहिले संशोधन म्हणायला माझी हरकत नाही. आणि ते लिहिणारे, तपासणारे, छापून आणणारे लोक आपला पोटापाण्याचा धंदा सांभाळून हे करत होते.

याच सभेच्या कारभारावरून दोन प्रसंग घडले. टिळक आणि गोखले दोघेही ज्या डेक्कन एज्युकेशन सोसायटीत होते, तिच्या आजीव सदस्यांनी अल्प वेतनावर सारे आयुष्य संस्थेला द्यायचे, असा टिळकांचा आग्रह होता. १८९० मध्ये गोखल्यांनी सार्वजनिक सभेचे चिटणीसपद घेतले, तेव्हा टिळकांनी त्याला विरोध केला. बाहेरच्या कामाला दिलेला वेळ हा संस्थेच्या वाट्यातून जातो, असे त्यांचे म्हणणे. इतर सदस्यांना सार्वजनिक कामात काही गैर वाटत नव्हते. वाद आधीपासूनचा होता, या निमित्ताने तुटेपर्यंत ताणला गेला आणि टिळक सोसायटीतून बाहेर पडले. आज कुठल्याही परिषदेत सदस्याला विचारतात की तुम्ही आणखी कुठे कुठे पदावर आहात. त्या प्रश्नामागे हाच पेच असतो. मला यात दोघांचेही बरोबर वाटते. ऐच्छिक काम करणारा माणूस सहसा दहा ठिकाणी असतो, कारण काम करणारी माणसे तीच तीच असतात. म्हणून मनाई करण्यापेक्षा आधी सांगून ठेवण्याची सक्ती बरी.

दुसरा प्रसंग १८९५ चा. सभेच्या व्यवस्थापक मंडळाच्या निवडणुकीत टिळकांच्या बाजूचे बहुमत झाले. वर्षानुवर्षे सभा आणि तिचे त्रैमासिक वाढवणारे रानडे-गोखले अल्पमतात गेले आणि १८९६ मध्ये त्यांनी डेक्कन सभा काढली. कोण बरोबर, कोण चूक, यावर पुण्यात पिढ्यान्‌पिढ्या वाद झाले आहेत. परिषदेच्या दृष्टीने यातला महत्त्वाचा मुद्दा निराळा आहे. मताचा अधिकार ज्याला आहे तो सभासद कारभार घेऊ शकतो, मग आदल्या दिवसापर्यंत काम कुणीही केलेले असो. म्हणून अभ्यास परिषदा सभासदत्वाच्या अटी, मतदारयादीची तारीख आणि निवडणूक अधिकारी या गोष्टी घटनेत इतक्या बारकाईने लिहितात. निवडणुकीच्या तोंडावर दीडशे नवे सभासद झाले, तर त्यांना त्या वर्षी मत असेल की नाही, हे आधीच ठरलेले बरे. नंतर ठरवायला गेले की वादी-प्रतिवादी उभे राहतात.

स्वातंत्र्यानंतरच्या काळात मराठीतून ज्ञान वाढवणाऱ्या परिषदा याच वाटेने चालल्या. मराठी विज्ञान परिषद २४ एप्रिल १९६६ रोजी मुंबईत स्थापन झाली. तिचे संस्थापक म. ना. गोगटे व्यवसायाने अभियंते आणि विमा सल्लागार. पुढच्या वर्षीपासून परिषदेची पत्रिका निघू लागली, गावोगाव विभाग झाले, चुनाभट्टीला विज्ञान भवन उभे राहिले. अ. पां. देशपांडे यांनी कित्येक दशके तिचा कारभार वाहिला. अर्थशास्त्र शिकवणाऱ्यांची मराठी अर्थशास्त्र परिषद आहे, ‘अर्थसंवाद’ हे तिचे नियतकालिक. दरवर्षी कुठल्यातरी गावचे महाविद्यालय तिचे अधिवेशन घेते. अर्थशास्त्राचे ताजे वाद मराठीतून ऐकायला मिळण्याची ती हक्काची जागा आहे.

अधिवेशन अंगावर घेणे म्हणजे काय, हे ज्याने घेतले त्यालाच कळते. स्वागताध्यक्ष ठरतो, स्थानिक संयोजन समिती बनते. निवास, भोजन, नोंदणी, व्यासपीठ, प्रमाणपत्रे अशा उपसमित्या पडतात. आदल्या रात्री ग्रंथपाल पिशव्यांत वह्या भरत असतो, वसतिगृहाच्या खोल्यांना गाद्या पोचल्या की नाही हे इतिहासाचे प्राध्यापक पाहत असतात आणि मुली फुलांच्या पाकळ्या निवडत असतात. यातल्या कुणाचे नाव विषयपत्रिकेवर नसते.

पण जिथे गर्दी तिथे पैसा लागतो, आणि पैशापाशी नीतीचा अभ्यास खऱ्या अर्थाने सुरू होतो. सभासदांच्या वर्गणीतून आणि प्रतिनिधींच्या नोंदणी शुल्कातून खर्च निघत नाही. मग स्मरणिका काढतात. तिच्यात जाहिराती येतात, पतसंस्थेची, साखर कारखान्याची, खतांच्या दुकानाची, गावातल्या पुढाऱ्याच्या वाढदिवसाची. व्यवसाय नीतीच्या परिषदेने अशी जाहिरात घ्यावी का? माझे मत असे की घ्यावी, पण तीन बंधने पाळून. देणगीदारांची यादी रकमेसह छापावी. देणगीदाराने वक्ता किंवा विषय सुचवू नये. आणि ज्या संस्थेच्या व्यवहारावर त्याच अधिवेशनात निबंध वाचला जाणार आहे, तिचा पैसा त्या वर्षी नाकारावा. तिसरे बंधन पाळणे लहान गावात फार अवघड आहे, हे मला ठाऊक आहे. बीड जिल्ह्यात गेल्या काही वर्षांत पतसंस्था आणि मल्टिस्टेट सहकारी संस्थांमध्ये ठेवी अडकून किती घरांची लग्ने, औषधपाणी, शिक्षणे थांबली ते आपण पाहिले. बँकेतल्या ठेवीला पाच लाखांपर्यंत विमा असतो. पतसंस्थेच्या ठेवीला तो नसतो. हे वाक्य ज्या स्मरणिकेत छापायचे, त्याच स्मरणिकेच्या मागच्या पानावर जादा व्याजाची रंगीत जाहिरात शोभणार नाही.

हिशेबाचे नियम महाराष्ट्रात स्पष्ट आहेत. संस्था नोंदणी अधिनियम १८६० खाली निदान सात माणसे मिळून संस्था नोंदवता येते. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम १९५० खाली ती धर्मादाय कार्यालयाच्या नोंदीत जाते. वर्ष ३१ मार्चला संपते, त्यानंतर सहा महिन्यांत लेखापरीक्षण अहवाल द्यायचा. विश्वस्त बदलले की ९० दिवसांत बदल अर्ज करायचा. हा बदल अर्ज म्हणजे आपल्या संस्थांचे जुने दुखणे. निवडणूक होते, हार घातले जातात, फोटो छापून येतात आणि अर्ज राहून जातो. पुढची निवडणूक आली की कळते, सरकारी नोंदीत अजून जुनेच मंडळ आहे, त्यातले दोघे वारले आहेत आणि बँक नव्यांच्या सह्या स्वीकारत नाही. दप्तर माजी चिटणीसांच्या घरी लोखंडी कपाटात. किल्ली त्यांच्या सूनबाईंकडे. म्हणून दप्तर हस्तांतराची यादी करून, दोघांच्या सह्या घेऊन, तिची प्रत इतिवृत्ताला जोडावी. धनादेशावर दोन सह्या असाव्यात. पावतीपुस्तकाचे अनुक्रमांक नोंदवून मगच ते बाहेर द्यावे.

वार्षिक सर्वसाधारण सभेचे दृश्य सगळीकडे सारखेच असते. सूचनापत्रात शेवटची ओळ ठरलेली असते, की गणपूर्तीअभावी सभा तहकूब झाल्यास ती त्याच ठिकाणी अर्ध्या तासाने होईल आणि तिला गणपूर्तीची गरज राहणार नाही. अकरा वाजता माणसे मोजतात, भरत नाहीत, चहा होतो, साडेअकराला तीच माणसे तोच ताळेबंद मंजूर करतात. ही सोय आहे आणि ती लागते, नाहीतर संस्था अडूनच राहतील. मात्र दरवर्षी सभा अर्ध्या तासानेच होत असेल, तर सभासदांना परिषद आपली वाटत नाही हे मंडळाने ओळखले पाहिजे. ताळेबंदातला एक तरी आकडा उभे राहून विचारणारा सभासद हा संस्थेचा हितचिंतक असतो. त्याला विरोधक समजण्याची आपली सवय जायला हवी.

या बिनपगारी व्यवस्थेला अलीकडे सर्वांत मोठा धक्का बसला तो पैसे घेऊन छापणाऱ्या नियतकालिकांमुळे. प्राध्यापकाच्या पदोन्नतीला प्रकाशित निबंध लागतात. गरज निर्माण झाली की बाजार उभा राहतो. पैसे भरा, आठवड्यात छापून घ्या, परीक्षकाची सही कागदावरच. विद्यापीठ अनुदान आयोगाने यावर उपाय म्हणून २०१९ मध्ये ‘केअर’ नावाची मान्य नियतकालिकांची यादी आणली आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये ती बंद करून पारखण्याची जबाबदारी विद्यापीठांवर टाकली. यादी असो वा नसो, निबंध खरोखर कुणी वाचला का, हा प्रश्न तिथेच राहतो. व्यवसाय नीतीवरचा निबंध पैसे देऊन न तपासता छापून घेणारा माणूस त्या विषयाचे जितके नुकसान करतो, तितके एखादा लबाड व्यापारीही करत नाही.

व्यापाऱ्यांनी स्वतःहून आपल्यावर बंधन घालून घेतल्याचेही उदाहरण मुंबईत आहे. १९६६ मध्ये महागाई आणि साठेबाजीची ओरड चालू असताना जे. आर. डी. टाटा, रामकृष्ण बजाज आदी उद्योगपतींनी उचित व्यापारासाठी एक संघटना काढली. आज ती कौन्सिल फॉर फेअर बिझनेस प्रॅक्टिसेस या नावाने ओळखली जाते. तिने आचारसंहिता केली, ग्राहकांच्या तक्रारी ऐकल्या, जमनालाल बजाजांच्या नावाने उचित व्यवहाराचे पुरस्कार ठेवले. काम चांगले आहे. पण तिथे सभासद स्वतःच्या वागण्याचा शब्द देतात. अभ्यास परिषदेचे काम तो शब्द पाळला गेला का हे तपासण्याचे, आणि मुळात तोच शब्द पुरेसा होता का हे विचारण्याचे. दोन्ही हवेत, आणि दोन्ही एकाच खोलीत बसू नयेत.

आष्टीसारख्या तालुक्याच्या गावी या विषयाचे अभ्यास मंडळ निघू शकेल का? माणसे आहेत. आष्टीत आणि तालुक्यातल्याच कड्यात महाविद्यालये आहेत, वाणिज्य, अर्थशास्त्र, समाजशास्त्र शिकवणारे आहेत, निवृत्त बँक अधिकारी आहेत, वकील आहेत. सातजण सहज जमतील. विषय तर दारात उभे आहेत. कड्याच्या बाजारात कांद्याची गोणी काट्यावर चढते तेव्हा वजनातून किती कटती जाते, हमाली-तोलाई कुणाच्या खात्यावर पडते, पैसे चोवीस तासांत मिळतात का, हे पाहायला वर्गातून उठून जाण्याइतकेच अंतर आहे. जुलै २०१६ मध्ये राज्य सरकारने फळे-भाजीपाल्यावरची अडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यावी असे ठरवले. त्यानंतर शेतकऱ्याच्या हातात खरोखर जास्त पैसे पडले, की तोच भार लिलावाच्या दरात उतरला? पन्नास हिशेबपट्ट्या आधीच्या आणि पन्नास नंतरच्या शेजारी मांडल्या तर उत्तराच्या जवळ जाता येईल. हे काम बी.कॉम.ची मुले करू शकतात. व्यवसाय नीतीचा पाठ त्यांना तेव्हा समजेल.

असे मंडळ काढणाऱ्यांनी पहिल्या वर्षी फार मोठे काही करू नये असे मला वाटते. अध्यक्ष दोन वर्षांपुरता असावा आणि त्याला लगेच दुसरी मुदत नसावी, हे घटनेत पहिल्याच दिवशी लिहावे. नंतर लिहायला गेले की ते एखाद्या माणसाविरुद्ध लिहिल्यासारखे दिसते. सभासद होताना प्रत्येकाने आपण कुठल्या पतसंस्थेत, कारखान्यात, सोसायटीत, पक्षात पदावर आहोत ते एका कागदावर लिहून द्यावे आणि तो कागद कुणालाही पाहता यावा. महिन्याला एक निबंध वाचावा, लेखकाचे नाव झाकून. मुकादम, अडते, हमाल, कोयत्यावर जाणाऱ्या बायका यांना ऐकायला बोलवावे आणि त्यांचा दिवस बुडतो म्हणून त्यांना त्या दिवसाची मजुरी द्यावी. पगार न घेण्याची चैन प्राध्यापकाला परवडते, रोजंदारीच्या माणसाला नाही.

परीक्षक मात्र सुरुवातीला जिल्ह्याबाहेरचे घ्यावे लागतील. बाजार समितीच्या मंडळावर अठरा संचालक असतात, अकरा सहकारी सोसायट्यांकडून, चार ग्रामपंचायतींकडून, दोन व्यापारी-अडत्यांचे आणि एक हमाल-मापाड्यांचा. तालुक्यात असा माणूस सापडणे कठीण, ज्याचा या अठरांपैकी कुणी सोयरा, वर्गमित्र किंवा विद्यार्थी नाही. कटतीवरचा निबंध कोल्हापूरच्या किंवा नागपूरच्या माणसाने वाचलेला बरा. पुढे निबंध वाचून दाखवायचा दिवस ठरला, तर त्यांना इथे बोलावणेही आता सोपे झाले आहे. सप्टेंबर २०२२ मध्ये अहिल्यानगर ते न्यू आष्टी ही ६६ किलोमीटरची रेल्वे सुरू झाली, १७ सप्टेंबर २०२५ पासून ती बीडपर्यंत जाते, आणि वाटेत कड्यालाही थांबते.